सुतकातली चूल

दिवाळीच्या अंकात मरणाचा विषय काढणे म्हणजे भरल्या पंगतीत औषधाची बाटली उघडण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, आपली दिवाळीच मुळी मरणाच्या आठवणीने सुरू होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरातली वडीलधारी बाई कणकेचा दिवा करते, त्याची वात दक्षिणेकडे वळवते आणि यमाला हात जोडते. एरवी त्या दिशेला तोंड करून आपण दिवा लावीत नाही. घरात अपमृत्यू येऊ नये, एवढे मागणे मागून झाले की मग फराळाचे डबे उघडायला आपण मोकळे होतो.

दिवाळीच्या मागेपुढेच, २ नोव्हेंबरला, कॅथलिक ख्रिस्ती मंडळी दफनभूमीत जातात आणि आपापल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. दिवा तोच, मागणे मात्र निराळे. आपला दिवा यमाला म्हणतो, "इतक्यात येऊ नकोस." त्यांचा दिवा म्हणतो, "आलास खरा, पण तेवढ्याने सारे संपले नाही." या दुसऱ्या दिव्याचा उजेड मराठी पुस्तकांत कसा पडला आहे, तो खरा किती आणि शोभेचा किती, हे पाहावे म्हणून हा लेख.

मी ख्रिस्ती नाही. धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना मराठी शिकवणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा मी एक मास्तर. त्यामुळे मृत्यूनंतर काय असते, हा प्रश्न माझ्या अधिकाराबाहेरचा आहे. मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांच्या घरात काय होते, हा प्रश्न मात्र कादंबरीकाराच्या अगदी अंगणातला आहे. आपल्याकडे घरात कोणी गेले की चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक पिठलेभात आणून वाढतात. पण एक दिवस असा येतो की शेजाऱ्यांचे डबे थांबतात आणि त्या घरच्या बाईला उठून काडी ओढावी लागते. श्रद्धा, आशा हे शब्द व्यासपीठावर फार सहज उच्चारले जातात. ते खरे की पोकळ, हे त्या चुलीपाशी कळते. मी हीच कसोटी घेऊन पुस्तकांकडे जाणार आहे.

आरंभ 'यमुनापर्यटन'पासून करू. बाबा पदमनजींचे हे पुस्तक १८५७ साली निघाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आहे आणि तो रास्त आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत हिंदू विधवांच्या हालअपेष्टा पाहतात, ऐकतात. या हकिगती आजही मनाला चटका लावतात, कारण पदमनजींनी त्या डोळे उघडे ठेवून टिपल्या आहेत. पुढे विनायक मरण पावतो, यमुना स्वतःच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा संसाराला लागते.

पुस्तकाचा हेतू उघड आहे आणि त्या काळी तो धाडसाचा होता, याबद्दल वाद नाही. पण वाचताना मला जाणवते की विनायकाचे मरण विषयाच्या सोयीसाठी आले आहे. तो गेल्याखेरीज यमुना विधवा होत नाही आणि ती विधवा झाल्याखेरीज लेखकाचा मुद्दा पुरा होत नाही. पात्राला मारणे फार सोपे असते, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या कोणालाही विचारा. लेखणीचा एक फटकारा पुरे होतो. अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहिणे. पदमनजी ती सकाळ ओलांडून लवकर पुढे जातात, कारण त्यांना शेवट दिसतो आहे. आशा तिथे कथानकाच्या टोकाला बक्षिसासारखी ठेवलेली आहे. शाळेतल्या बक्षीस समारंभात मुले टाळ्या वाजवतात, पण ज्याला बक्षीस मिळाले नाही त्याच्यासाठी त्या समारंभात काहीच नसते. ज्याच्या दुःखाला असा गोड शेवट लाभला नाही, त्या वाचकाच्या हाताला या पुस्तकात फारसे लागत नाही.

यानंतर पंडिता रमाबाई. रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेली आपली साक्ष १९०७ साली प्रसिद्ध झाली. 'साक्ष' हा ख्रिस्ती मंडळींचा खास शब्द आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते चारचौघांत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. या प्रकारात एक धोका असतो. सांगणारा आज किनाऱ्यावर उभा असतो, म्हणून मागची प्रत्येक लाट त्याला आपल्याला किनाऱ्यावर आणण्यासाठीच उठली होती असे वाटू लागते. रमाबाई या धोक्यापासून सर्वस्वी मुक्त आहेत असे नाही. पण त्यांच्या साक्षीत दुष्काळाचा जो भाग आहे, तिथे लाट लाटच राहते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष पत्करणारा हा माणूस तीर्थोतीर्थी पुराण सांगत कुटुंबाला घेऊन हिंडत होता. दुष्काळात होते नव्हते ते विकून झाले, झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली, आणि १८७४ च्या सुमारास वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. १८८० साली तो भाऊही गेला. पुढे बिपिनबिहारी मेधावींशी विवाह झाला. १८८२ साली पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा नावाचे तान्हे मूल. बाईंचे वय तेव्हा पुरते चोवीसही नव्हते. बाप्तिस्मा त्यांनी इंग्लंडात १८८३ साली घेतला. म्हणजे एवढी सगळी मरणे त्यांच्या ख्रिस्ती होण्याच्या आधीची आहेत. ती का आली, याचे उत्तर नव्या धर्माने त्यांना दिले असेल वा नसेल; मला त्या उत्तरापेक्षा पुढची एक गोष्ट मोलाची वाटते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जे वसवले ते आज मुक्ती मिशन म्हणून ओळखले जाते. १९०० च्या सुमारास गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या मुलींनाही त्यांनी आसरा दिला. ज्या मुलीने एका दुष्काळात आईबाप डोळ्यांदेखत जाताना पाहिले, तीच बाई वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळाच्या तोंडात स्वतःच्या पायांनी शिरली. पहिल्या दुष्काळातल्या "का?" या प्रश्नाला तिने शब्दांनी उत्तर दिले नाही. "आता कोणाला जेवू घालायचे आहे?" एवढाच प्रश्न तिने विचारला. तिथे मला चूल पेटलेली दिसते. १९२१ साली मनोरमाही गेली, तरी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम बाईंनी सोडले नाही. ते तडीस नेऊन १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी डोळे मिटले.

रमाबाईंपुढे मात्र आपण मान खाली घालून उभे राहतो. एवढी मोठी माणसे आपल्याला नमस्कार करायला भाग पाडतात, पण शेजारी बसवून घेत नाहीत. माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला मरणाविषयी शेजारी बसून सांगणारे कोणी हवे असते. मराठीत ते काम एकाच पुस्तकाने केले आहे, असे मला वाटते. ते म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'.

'स्मृतिचित्रे' म्हटले की आपल्या तोंडावर हसू येते. नारायण वामन टिळकांचा भोळसट संसार, हातात न टिकणारा पैसा, कधीही दाराशी उभा राहणारा पाहुणा आणि या सगळ्यावर लक्ष्मीबाईंची बिनतोड वाक्ये! वर्गात मी या पुस्तकातले उतारे वाचून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकतात. पण या हसण्यामुळे एक गोष्ट झाकली गेली आहे. हे पुस्तक पहिल्या पानापासून मरणाच्या सोबतीने चाललेले आहे.

त्याची सुरुवातच पाहा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय आत यायची नाही, अगदी पाण्यात विरघळणारी वस्तूसुद्धा! हे वर्णन वाचताना पोट धरून हसावे असेच आहे, आणि आपण हसतोही. पण क्षणभर थांबून पाहिले तर त्या हसण्याच्या तळाशी फासाचा दोर दिसतो. मरण एकदा घराला शिवून गेले. ते पुन्हा शिवू नये म्हणून तो माणूस जन्मभर जग धूत बसला. सोवळे हे त्याचे मरणावरचे उत्तर होते. ते वेडे उत्तर खरे, पण अगदीच अनोळखी नव्हे. २०२० साली आपणही दुधाच्या पिशव्या आणि भाजी साबणाच्या पाण्यात घालून बसलो होतो, ते अजून कोणी विसरले नसेल.

आता याच घरातली ही मुलगी पुढे कुठे जाते ते पाहा. पुस्तकाचा सगळा प्रवास मला या एका ओळीत दिसतो. मनू गोखले अकरा-बारा वर्षांची होऊन टिळकांच्या घरी आली. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हे घरातल्या माणसांना मरणासारखेच होते, किंबहुना मरणापेक्षा चमत्कारिक. कारण मेलेल्या माणसाचे दिवस घालता येतात, जिवंत माणसाचे काय करायचे? लक्ष्मीबाई ना सवाष्ण ना विधवा अशा अवस्थेत नातलगांच्या आसऱ्याने, नाशकात, पंढरपुरात राहिल्या. मधली काही वर्षे आकांताची आहेत.

टीकाकारांनी या ठिकाणी थोडे थांबायला हवे होते, असे मला वाटते. श्रद्धा म्हणजे दुःखावरची गुंगीची मात्रा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माणसाला आधी दुःख होते, मग ते विसरण्यासाठी तो देवाकडे जातो, असा त्यांचा हिशेब. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. ख्रिस्त त्यांच्या घरात सांत्वन करायला आला नाही. तो आला तेव्हा संकट होऊन आला. त्याच्यामुळे नवरा गेला, माहेर-सासर दुरावले, लोकांनी बोटे दाखवली. अशा पाहुण्यावर कोणी गुंगीसाठी विश्वास ठेवील काय? त्यांनी ठेवला तो फार सावकाश, भांडत भांडत. आधी नगरला येऊन सोवळ्याओवळ्यासह निराळ्या राहिल्या. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. आणि तो माणसाने केला असा मनाचा कौल मिळाल्यावर सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. देवाविषयीचे मत बदलण्याआधी शेजाऱ्याविषयीचे मत बदलले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग येतो प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला त्याने डोके वर काढले आणि पुढे कित्येक वर्षे तो मुंबई इलाख्यात घरे ओस पाडीत हिंडला. त्याच्या बंदोबस्तासाठी १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने तोच कायदा पुन्हा हाती घेतला. कायदे टिकतात ते असे. नगर जिल्ह्यातल्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. रोग्याला घरचे माणूसही हात लावायला धजत नसे. अशा रोग्यांच्या उशापायथ्याशी टिळक पतिपत्नी उभी राहिली. जिच्या बापाने मरण शिवू नये म्हणून जग धुतले, ती मुलगी प्लेगच्या रोग्यांना आपल्या हातांनी शिवली! हे पुस्तक सोवळ्याच्या पाण्यापासून प्लेगच्या छावणीपर्यंत गेले आहे. बापाने मरणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचा यत्न केला. लेक उंबऱ्याबाहेर जाऊन मरणाच्या शेजारी बसली. धर्मांतर म्हणतात ते याला म्हणावे. नाव बदलणे, प्रार्थनेची जागा बदलणे या त्यामानाने किरकोळ बाबी आहेत.

इथे कोणी विचारील की यात ख्रिस्ती ते काय? शुश्रूषा काय एकाच धर्माची मिरास आहे? मुळीच नाही. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या आणि त्यांनी गळ्यात क्रूस घातला नव्हता. माणुसकीचा मक्ता कोणाकडे नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. तरीही लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात काही एक ख्रिस्ती गुण आहे, आणि तो त्या मरणाविषयी काय बोलत नाहीत यात आहे.

ख्रिस्ती शास्त्रातल्या तीन गोष्टी मला या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटतात. पहिली ईयोबाची. त्याची मुलेबाळे, गुरेढोरे गेली तेव्हा त्याचे मित्र येऊन सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले, दुःखाची कारणे समजावून सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देव रागावला तो त्या समजावणाऱ्यांवर. दुसरी गोष्ट लाजराच्या कबरीची. मेलेल्या मित्राला उठवण्यासाठी येशू तिथे गेला, तरी आधी तो रडला. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्यानेही अश्रू फुकट मानले नाहीत. तिसरी गोष्ट पुनरुत्थानाची. कबरीतून उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. संशयी शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. म्हणजे ही आशा जखम पुसून टाकणारी नव्हे, जखम अंगावर बाळगून चालणारी आहे.

हे मला केवळ पुस्तकी वाटत नाही. २०२१ साली साथीत माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई गेली. भेटायला येणारी माणसे एकच वाक्य आलटून पालटून बोलत होती: "चांगली माणसं देवाला आधी लागतात, बाळ." चार वेळा ऐकल्यावर तो पोरगा म्हणाला, "मग आई थोडी वाईट असती तर राहिली असती का?" खोलीत कोणी बोलेना. शेजारची एक म्हातारी उठली, आत गेली, भांडी घासली आणि भाताचे आधण ठेवले. सांत्वनाचे साहित्य कोणते आणि समजुतीचे कोणते, हा फरक मला त्या दिवशी जितका स्पष्ट दिसला तितका कोणत्याही टीकाग्रंथात दिसलेला नाही. ईयोबाचे मित्र आपल्यात पुष्कळ आहेत, सर्व धर्मांत आहेत; आधण ठेवणारी माणसे थोडी.

'स्मृतिचित्रे' हे आधण ठेवणाऱ्या बाईचे पुस्तक आहे. पोटची मुले जाण्याचे दुःख लक्ष्मीबाईंना चुकले नाही. ज्याला घरात मुलासारखे ठेवून घेतले, तो बालकवी ठोंबरे १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली गेला. पुरते वर्ष लोटते न लोटते तोच, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. दुसरा कोणी लेखक असता तर या प्रसंगांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिता. लक्ष्मीबाई मरणापाशी रेंगाळत नाहीत. याला काही वाचक त्रोटकपणा म्हणतात. मला तो संयमही वाटत नाही आणि त्रोटकपणाही वाटत नाही. घरात दहा माणसे जेवायची असताना बाई डोळे पदराला पुसते आणि पुन्हा पोळपाटाकडे वळते, तशी त्यांची वाक्ये वळतात. डोळे पुसले, हे आपल्याला दिसते. पण पोळी करपलेली नसते. त्यांचा विनोद याच जातीचा आहे. दुःख झाकण्यासाठी घातलेला तो पडदा नव्हे. दुःखाला घरातले एक माणूस म्हणून जागा दिल्यावर जो मोकळेपणा येतो, त्यातून तो आलेला आहे.

पुस्तक निर्दोष आहे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. १९३४ पासून ते भागाभागांनी निघाले. पहिल्या भागाची घट्ट वीण पुढे सैल होत जाते. आठवणी सुट्या होतात, माणसे येतात आणि ओळख होण्यापूर्वी जातात. धर्मतत्त्वांची चर्चा शोधायला गेलेला पंडित रिकाम्या हाताने परत येईल. टिळकांच्या मनात ख्रिस्त आणि तुकाराम यांची जी गाठ पडली होती, तिच्या खोलीत या आठवणी उतरत नाहीत. हे उणे मी मान्य करतो. पण ज्या मुलीला अक्षरओळख नवऱ्याच्या हट्टाने, लग्नानंतर झाली, तिने सत्तरीच्या उंबरठ्यावर मराठी गद्याला असे बोलते केले, याची नोंद आधी घ्यावी आणि मग दोष मोजावे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत गाणारे 'ख्रिस्तायन' हाती घेतले होते. मराठीला हा मार्ग नवा नव्हता; फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे १६१६ सालीच छापून निघाले होते. पण टिळकांच्या हातून आरंभीचे दहा-अकरा अध्यायच झाले आणि ते गेले. महाकाव्य जन्मकथेच्या आसपास थांबले. पुढचे साठांवर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. अखेरचा हात मुलाने, देवदत्त टिळकांनी फिरवला. १९३६ साली बाई गेल्या आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर पडला. एकंदर शहात्तर अध्याय, आणि ते पुरे करायला एका घरातली तीन माणसे लागली.

काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' मला 'स्मृतिचित्रे'च्या पंक्तीला बसवता येत नाही. ओवी अनेकदा नुसती वृत्तापुरती चालते. टिळकांच्या अध्यायांत जी कवीची झेप आहे ती पुढे राहत नाही. तिच्या जागी कथेकरी बाईचा घरगुती सूर येतो. पण कामाची वाटणी कशी झाली ते पाहा. पाळणा कवीच्या वाट्याला आला. क्रूस, कबर आणि रिकामी कबर ही सगळी त्याच्या विधवेच्या वाट्याला आली. ज्या धर्माने एके काळी तिचा संसार मोडला, त्याच धर्माच्या देवाचे मरण तिने आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या ग्रंथात, त्याच्याच छंदात लिहिले. आणि लिहून थांबली नाही. मरणापुढचा अध्यायही लिहिला.

पुनरुत्थान खरोखर झाले की नाही, यावर मी काय बोलणार? तो ज्याच्या त्याच्या विश्वासाचा भाग. परंतु मृत माणसाने जिथे वाक्य सोडले तिथून ते उचलून, वर्षानुवर्षे, साठ अध्याय पुढे नेणे ही गोष्ट पुस्तकांच्या कपाटात प्रत्यक्ष ठेवलेली आहे. ती कोणालाही काढून पाहता येते. मरणाने तोडलेले काम मागच्या माणसाने पुरे करणे, हा आशेचा माझ्यासारख्या श्रद्धेबाहेरच्या माणसालाही कळणारा अर्थ आहे. 'यमुनापर्यटना'त आशा गोष्टीच्या शेवटी भेटते. रमाबाईंच्या साक्षीत ती दुष्काळाच्या वाटेवर भेटते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ती रोजच्या कामात मिसळून गेली आहे, इतकी की तिचे नाव त्यांना फारसे घ्यावे लागत नाही.

फराळ झाल्यावर दुपारी घरातली मंडळी आडवी होतात, तेव्हा कोणा एकाने 'स्मृतिचित्रे' मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, अशी माझी शिफारस आहे. परदेशात वाढलेल्या नातवंडांना मराठी जड जात असेल, तर शांता गोखले यांचे २०१७ साली निघालेले इंग्रजी भाषांतर त्यांच्या हाती द्यावे. मुले सोवळ्याच्या गोष्टींना हसतील. त्यांना हसू द्यावे. मग त्यांतले एखादे चौकस पोर विचारील की ते आजोबा सगळे धूत का होते? तेव्हा पुस्तक मिटून त्याला सगळी हकीगत सांगावी. सणाचा दिवस आहे म्हणून फाशीची गोष्ट गाळू नये. ज्या पोरांना आपण यमाचा दिवा दाखवतो, त्यांना एवढे कळायला हरकत नाही.